अंबाबाईच्या पायाशी ऊन

३० जानेवारी

आई कुठंही निघाली की तिच्या पिशवीत वर्तमानपत्राचे कापून ठेवलेले चौकोन असतात. कुंकू, अंगारा, बुक्का, खडीसाखर, देवळात जे मिळेल त्याची पुडी बांधायची आणि घरी आल्यावर देवघरात ठेवायची. यावेळी पुण्याहून निघताना मोजले, दहा चौकोन होते. "एवढे कशाला?" म्हटलं तर म्हणाली, "कोल्हापूर आहे ते."

निमित्त किरणोत्सवाचं, म्हणजे मावळतीचं ऊन अंबाबाईच्या मूर्तीवर पडतं त्या सोहळ्याचं. आईच्या मनात हे दर्शन कित्येक वर्षं होतं, पण दरवर्षी काही ना काही आडवं यायचं. मावशी शुक्रवार पेठेत राहते, त्यामुळे उतरायची चिंता नव्हती. सकाळी स्टेशनवर मावसभाऊ रिक्षा घेऊन हजर. घरी पोहोचतोय तोच शेजारचे अण्णा डोकावले. अण्णा जैन, मूळचे हातकणंगल्याकडचे शेतकरी, आता मुलाकडं शहरात. मावशीच्या स्वयंपाकघरातला वास घेऊन म्हणाले, "आज कांदा लई परतलाय अक्का," आणि दारातूनच परत गेले.

रात्री जेवताना विषय निघालाच, कारण आईला पाच दिवसांत कुठं कुठं जायचं याची यादी करायची होती. वाडी, खिद्रापूर, दर्गा, बाहुबली. मावसभाऊ म्हणाला, "शेवटी काय, देव एकच." मला हे वाक्य आवडत नाही. 'जाऊ दे' म्हणावं तसं ते विषय मिटवायला म्हणतात. पांढरा रस्सा समोर असताना वाद घालणं शहाणपणाचं नव्हतं, म्हणून गप्प बसलो.

३१ जानेवारी

सकाळी गर्दी कमी असते म्हणून सहाला बाहेर पडलो. अंबाबाईची मूर्ती काळ्या पाषाणाची, उंची जेमतेम तीन फूट. साडी-दागिन्यांत ती कधी नीट दिसतच नाही, म्हणून तिच्या हातांत काय काय आहे हे मी आधी वाचून गेलो होतो. उजव्या खालच्या हातात म्हाळुंगाचं फळ, वरच्या हातात गदा, डाव्या वरच्या हातात ढाल, खालच्या हातात पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. मागं सिंह.

आता गंमत बघा. दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीच्या शेवटी 'रहस्य' नावाची जी प्रकरणं आहेत, त्यातल्या प्राधानिक रहस्यात अगदी हेच वर्णन आहे: म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र, डोक्यावर नाग-लिंग-योनी. तिथं हिला महालक्ष्मीच म्हटलंय, पण ती विष्णूची बायको नव्हे. ती आधीची. तिच्यापासून बाकीचे देव झाले, ब्रह्मा-विष्णू-महेशसुद्धा. आणि दुसरीकडं नवरात्रात तिरुपतीहून हिला शालू येतो. का, तर भृगू ऋषीनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूनं ती पोटात घातली, लक्ष्मी रागावून इथं निघून आली, आणि तिच्यामागं तो तिरुपतीला थांबला. म्हणून कित्येक लोक तिरुपती करून आले की कोल्हापूर केल्याशिवाय यात्रा पुरी मानत नाहीत. एका मताप्रमाणं ती कुणाचीच कुणी नाही, दुसऱ्याप्रमाणं रुसलेली बायको आहे. गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग, म्हणजे शिवलिंग आहे, ते वेगळंच. 'अंबाबाई म्हणायचं की महालक्ष्मी' यावर कोल्हापुरात कडाक्याचे वाद झालेत. बाहेरच्या माणसाला वाटेल नावात काय एवढं. पण नाव बदललं की देवीचं सगळं नातंच बदलतं, त्यामुळं भांडणारे निदान विषय समजून भांडतात असं माझं मत आहे.

आईनं यातलं काहीएक विचारलं नाही. ओटी भरली, खण-नारळ दिला, कुंकवाची पुडी बांधली. पहिला चौकोन संपला.

बाहेर येताना पूर्वेच्या अंगाला शेषशायी विष्णूचा अष्टकोनी मंडप आहे, तिथं मान वर करून बघा. छताच्या कडेनं ओळीनं बसलेल्या लहान लहान मूर्ती तीर्थंकरांच्या आहेत. खाली विष्णू झोपलेला, वर तीर्थंकर बसलेले. देवी मूळची आमची पद्मावती, असं मानणारे जैन इथं आजही आहेत.

संध्याकाळी पाचपासून पुन्हा आत. किरणोत्सवाचं गणित साधं आहे. देवळाचं तोंड पश्चिमेला. सूर्य रोज क्षितिजावर थोडा सरकून मावळतो. २२ डिसेंबरच्या आसपास तो दक्षिणेच्या टोकाला जातो आणि परत फिरतो. त्यामुळं जाताना नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला आणि येताना ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला तो जवळपास एकाच जागी मावळतो, बरोबर महाद्वाराच्या रेषेत. दोन्ही बाजूंनी मोजलं तर मध्ये साधारण ४१-४२ दिवस. हे ज्यानं आखलं त्यानं नुसते दगड रचले नव्हते, कितीतरी वर्षं संध्याकाळ मोजली असणार. आता वाटेत इमारती आल्यात, धूर आहे, त्यामुळं दरवर्षी 'किरणं कुठवर पोहोचली' याची बातमी होते.

सहा वाजून गेले. आतले दिवे बंद केले. ऊन गरुड मंडपातून आलं, कासव चौकात आलं, पितळी उंबरा ओलांडला. प्रत्येक टप्प्याला माणसं पुटपुटत होती, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं. मग ते पिवळट, गढूळ झालं आणि कटांजनापाशीच, म्हणजे मूर्तीपुढच्या कठड्यापाशीच विझलं. ढग. सगळ्यांच्या तोंडून एकदम 'च्च' निघालं.

बाहेर आलो तर माझ्या नव्या कोल्हापुरी चपला गेलेल्या. आईच्या प्लॅस्टिकच्या होत्या तिथंच. मावसभाऊ म्हणाला, "पावली म्हणायचं." अनवाणी घरी.

१ फेब्रुवारी

आजचा दिवस अण्णांचा. त्यांच्या मुलाची गाडी, अण्णा पुढं, आम्ही मागं. कुंभोजचं बाहुबली साधारण तीस किलोमीटर. उसाच्या ट्रॉल्यांमुळं तासभर लागला.

संगमरवरी मूर्ती २८ फूट उंच आहे, १९६३ सालची. उन्हात तिच्याकडं सरळ बघवत नाही. पायांवर, मांड्यांवर, दंडांवर वेली चढलेल्या. गोष्ट अण्णांनी सांगितली. भाऊ भरत, त्याच्याशी राज्यासाठी द्वंद्व. बाहुबली जिंकला, शेवटच्या घावाला हात उचलला आणि त्याच क्षणी त्याला त्या सगळ्याचा वीट आला. राज्य भावाला देऊन तो वर्षभर उभ्यानं ध्यानाला लागला. वेली त्या वर्षाच्या.

आईनं हात जोडले आणि सवयीनं पदराचं टोक पसरलं. मग मला हळूच विचारलं, "प्रसाद कुठं मिळतो?"

अण्णांनी ऐकलं. "प्रसाद न्हाई ओ ताई आमच्यात. देवापुढं वाहिलेलं परत घ्यायचं नसतं. निर्माल्य ते. अभिषेकाचं गंधोदक असलं तर कपाळाला लावायचं, एवढंच."

"मग देव देतो काय?"

"काय न्हाई."

आई गप्प झाली. अण्णा पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितोय. जग कुणी केलेलं नाही, ते होतंच आणि राहणार. त्यामुळं करता-करविता नाही. देव म्हणजे जो राग-लोभ जिंकून सुटला तो जीव. असे अनेक झाले, पुढंही होतील, तुम्हीही होऊ शकाल, फक्त जन्म फार लागतील. तो सुटला म्हणजे त्याला आता कुणाबद्दल काही वाटत नाही. वाटलं तर तो सुटलेलाच नाही. तुमच्या पोराला नोकरी लागावी म्हणून तो हलणार नाही. पूजा करायची ती त्याला खूश करायला नाही, आपल्याला तसं व्हायचंय याची आठवण राहावी म्हणून.

"मग नवस कुणाला बोलता?" आईचा मुद्दा पक्का होता.

अण्णा हसले. "त्याला पद्मावती हाय की. यक्षिणी. ती संसारातलं बघती. आणि अंबाबाईला पण जातो आम्ही, खोटं कशाला बोलायचं?"

या एका उत्तरावर मी परतीच्या वाटेवर बराच वेळ विचार करत होतो. अण्णांच्या डोक्यात दोन खाती अगदी स्वच्छ वेगळी आहेत: ज्याच्यापुढं काही मागायचं नाही तो, आणि जिच्याकडं मागायचं ती. आपल्याकडं हे दोन्ही एकाच मूर्तीत कोंबलेलं असतं. विठ्ठलाकडं मोक्षही मागायचा आणि पावसाचंही बघायला सांगायचं.

डोंगरावरच्या जुन्या मंदिरांना पायऱ्या आहेत, आईचे गुडघे नकोच म्हणाले. खाली १९३४ पासूनचं गुरुकुल आहे, तिथली मुलं रांगेनं जेवायला चालली होती. कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचं जन्मगाव, तेही जैन घरातले, हे अण्णांनी दोनदा सांगितलं. आईनं निघताना एक चौकोन काढला, हातात धरला, घडी घातली आणि तसाच पिशवीत ठेवला.

संध्याकाळचा किरणोत्सव चुकला. किरणं गुडघ्यापर्यंत गेली म्हणे.

२ फेब्रुवारी

सकाळी चपला घेतल्या. पूर्वीच्याच आकाराच्या, पूर्वीपेक्षा महाग.

मग टाऊन हॉल. १८७० च्या दशकातली टोकदार मनोऱ्यांची इमारत, आत वस्तुसंग्रहालय. इथली एक वस्तू बघायला मी मुद्दाम गेलो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात सातवाहन काळातलं गाव निघालं आणि त्यात काशाची छोटी मूर्ती, पॉसिडॉनची. ग्रीकांचा समुद्रदेव. हाताच्या पंजाएवढा, पिळदार अंगाचा, दाढीवाला. समुद्र इथून घाटाखाली, शंभराहून जास्त किलोमीटर. कुणी व्यापारी घेऊन आला असेल. त्यानं तो पुजला, की शोभेला ठेवला, की कर्ज फेडायला दिला, काय माहीत.

"कोण हा?" आई.

"ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. याचं शस्त्र त्रिशूळ."

"म्हणजे शंकरच की." काचेला हात लावून तिनं नमस्कार केला. माझी खात्री आहे, गेल्या कित्येक शतकांत पॉसिडॉनला झालेला तो पहिला नमस्कार असावा.

तिथून शहरात. बाबूजमाल दर्गा. प्रवेशदाराच्या चौकटीवर, घराच्या चौकटीवर असतो तसा गणपती कोरलेला आहे. मी फोटो काढत होतो तेव्हा शेजारच्या दुकानातले चाचा म्हणाले, "सगळे याचाच फोटो काढतात. आत कोण येत नाही." ओशाळून आत गेलो. बाहेर येईपर्यंत आईच्या हातात खडीसाखरेची पुडी तयार होती.

मावसभावाचा एक मित्र तिथं भेटला, मुसलमान, गवंडीकामाची कंत्राटं घेणारा. तो दर्ग्यात येत नाही. "मोहरमला तालमीत पंजे बसतात, गणपतीत आम्ही पण नाचतो, ते वेगळं. पण मागायचं ते थेट. मधे पीर कशाला?" त्याच्या लेखी अल्लासारखं काहीच नाही, म्हणून त्याचं चित्र नाही, मूर्ती नाही, नव्याण्णव नावं आहेत ती त्याच्या गुणांची. रहमान, रहीम. कबरीपुढं मागणं त्याला जेवढं खटकतं, तेवढंच दर्ग्यात येणाऱ्याला त्याचं बोलणं खटकतं. तेव्हा 'मुसलमानांचा देव' असं एका दमात म्हणता येत नाही, हे मला तिथं चौकात उभ्या उभ्या कळलं. मागच्या चाळीस वर्षांत कळायला हवं होतं.

त्याच्या 'मधे कशाला' वरून मला पंचगंगा घाट आठवला, म्हणून दुपारी तिकडं गेलो. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज इथं स्नानाला आले. मंत्र म्हणणारा भटजी स्वतः अंघोळ न करता आलेला आणि म्हणत होता पुराणोक्त मंत्र, म्हणजे शूद्रांसाठी म्हणायचे ते. संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत बरोबर होते, त्यांनी लक्षात आणून दिलं. विचारल्यावर उत्तर आलं की वेदोक्त मंत्र तुमच्यासाठी नाहीत. छत्रपतींच्या गादीवरच्या माणसाला! पुढं वेदोक्ताचं प्रकरण वर्षानुवर्षं पेटलं. पुढं १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. जोतीराव फुल्यांनी देवाला शब्द योजला होता 'निर्मिक': ज्यानं सगळं निर्माण केलं तो. त्याला मूर्ती नाही, आणि त्याच्या नि माणसाच्या मधे दलाल नाही. आता मला सांगा, हा निर्मिक गवंडी मित्राच्या देवाला जवळचा की आमच्या घरच्या देवघराला?

येताना दसरा चौक लागला. शाहूंनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढून दिली. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग सगळी या परिसरात. एकाच बोर्डिंगात सगळ्यांना का नाही घातलं असं आजच्या माणसाला वाटतं. त्यांना त्या काळातली जेवणाची पंगत ठाऊक होती.

न्यू शाहूपुरीतलं वाइल्डर मेमोरियल चर्च फक्त बाहेरून पाहिलं, फाटक बंद होतं. वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथं आले. मराठी बायबल मी थोडं वाचलंय. त्यात 'देव' आणि 'परमेश्वर' हे दोन्ही शब्द येतात, आणि ते वेगळे ठेवलेत. मूळ हिब्रूत जिथं देवाचं स्वतःचं नाव आहे तिथं परमेश्वर. भाषांतर करणाऱ्यांची पंचाईत समजते. 'देव' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी देव्हारा यायचा.

संध्याकाळी शेवटची संधी. आभाळ स्वच्छ. पुन्हा दिवे बंद. ऊन उंबऱ्यावरून आत शिरलं, पायांवर आलं, थांबलं असं वाटलं, मग कमरेपर्यंत, मग छातीशी. शेवटी चेहरा. मिनिट-दोन मिनिटं. सगळं अंग तांबूस. मी टीव्हीच्या पडद्यावर बघत होतो, कारण समोर माणसांच्या पाठी होत्या. आई मात्र कुणाच्या तरी काखेखालून पुढं सरकली होती. घंटा सुरू झाल्या, आरती. ती परत आली तेव्हा डोळे पुसत होती आणि म्हणाली, "आज तो तिच्या पाया पडायला आला."

म्हणजे सूर्य. मी दोन दिवस कोन आणि तारखा मोजत होतो, आणि कोण कुणाकडं आलं हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

३ फेब्रुवारी

सामान गाडीत टाकूनच निघालो, रात्रीची रेल्वे होती. आधी नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, नृसिंहसरस्वतींनी इथं बारा वर्षं तप केलं असं मानतात. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका. देवळाला शिखरही नाही; विजापूरच्या आदिलशहानं मुलीची दृष्टी परत आली म्हणून ते बांधून दिलं, अशी आख्यायिका आहे. पावसाळ्यात नदी उत्तर दारानं आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दारानं बाहेर पडते. त्या पाण्यात अंघोळ करायला लोक धावतात. पाणी फार चढलं की उत्सवमूर्ती पुजाऱ्यांच्या घरी वर नेतात. म्हणजे देवालासुद्धा पुरात घर बदलावं लागतं. २०१९ च्या महापुरात इथल्या शिरोळ तालुक्यातल्या माणसांनी तेच केलं. आज नदी खूप खाली होती, पायऱ्यांवर साड्या वाळत होत्या. आईनं अंगारा घेतला, मी कवठाची बर्फी.

लागूनच कुरुंदवाड. इथल्या पाच मशिदींत गणेशोत्सवात गणपती बसतो. फेब्रुवारीत अर्थातच नुसती मशीद दिसते. गाडी थांबवली नाही.

खिद्रापूरला दुपार. कोपेश्वर या शंकराच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीला तळाशी हत्तींची रांग आहे, नव्वदच्या वर, पाठीवर देवळाचा भार घेतलेले; कित्येकांच्या सोंडा तुटल्यात. बांधकाम शिलाहारांच्या काळातलं, दक्षिणेच्या दाराशी यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे. पण माणूस थांबतो तो स्वर्गमंडपात. गोल मंडप, खांबांची वर्तुळं, आणि मधोमध छतच नाही, साधारण तेरा फुटांचा गोल मोकळा. खाली बरोबर तेवढीच अखंड गोल शिळा. तिच्यावर उभं राहिलं की वर फक्त आभाळ.

आई आत जाऊन परत आली. "दोन पिंडी आहेत. आणि नंदी कुठंय?"

नंदी नाहीच. सती गेल्यावर शंकर कोपून इथं येऊन बसला. त्याची समजूत काढायला विष्णू आला, तो धोपेश्वर. दुसरी पिंड त्याची. नंदी सतीबरोबर गेलेला म्हणून तो इथं नाही, त्याचं देऊळ नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला. बाहुबलीला वीट आला तेव्हा त्यानं राज्य सोडलं. याची बायको गेली तेव्हा हा रुसून बसला आणि मित्र समजवायला आला. मला हा कोपलेला देव जवळचा वाटला, हे अण्णांना सांगायची हिंमत नव्हती.

रात्री गाडीत दिवा मिणमिणता. आईनं पुड्या मांडीवर मांडल्या आणि मला पेन काढायला सांगितलं.

"नावं घाल प्रत्येकीवर. गडबड नको व्हायला."

मी लिहिलं: अंबाबाई, दर्गा, वाडी, कोपेश्वर. कोपेश्वराच्या पुडीत बेलाचं एक पान होतं. मग तिनं पाचवी पुढं केली, नीट घडी घातलेली, हलकी.

"यात काय आहे?"

"काय नाही. बाहुबली लिही."

लिहिलं. पेनाची शाई ओल्या बोटाला लागून 'ली' फिसकटला. तिनं पाचही पुड्या एका पिशवीत ठेवल्या, पिशवीला गाठ मारली आणि उशाशी घेऊन झोपली.